स्मरण कुणाचे, विस्मरण कुणाचे?

दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वज फडकतो. १९४८ साली या दिवशी निजामाने शरणागती पत्करली, रझाकारांची दहशत संपली आणि हैदराबाद संस्थानातील जनतेचा स्वतंत्र भारतात येण्याचा मार्ग मोकळा झाला. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या असंख्य सहकाऱ्यांनी चालविलेल्या लढ्याचे ते फळ होते. नाशिक जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. निजामाची रेल्वे आमच्या मनमाडलाच येऊन मिळत होती आणि येवल्याच्या पलीकडे, वैजापूर तालुक्यात, निजामाचे राज्य सुरू होत होते. म्हणून या दिवसाचा अभिमान आम्हालाही आहे आणि तो असलाच पाहिजे.

परंतु त्या दिवशीच्या भाषणांत एक गोष्ट कधी उच्चारली जात नाही. शरणागतीनंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत मराठवाड्याच्या गावागावांतून मुसलमानांची कत्तल झाली. मारल्या गेलेल्यांत रझाकार होते तसे रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले शेतमजूर, विणकर, दुकानदार, बाया आणि मुले होती. मुक्तीचा दिवस आम्ही लक्षात ठेवला. मुक्तीच्या दुसऱ्या दिवशी काय घडले ते आम्ही सोयीस्करपणे विसरलो. या विस्मरणात केवळ सरकार नव्हे, केवळ जमातवादी नव्हेत, तर आपणही, समाजवादी म्हणविणारे आपणही, सामील आहोत. प्रस्तुत लेख त्या विस्मरणाविरुद्ध आहे.

या कत्तलींच्या वार्ता दिल्लीला पोचल्या तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती धाडली. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिचे अन्य सदस्य. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समितीने संस्थानातील सोळांपैकी नऊ जिल्हे पालथे घातले. पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले. कासीम रझवीच्या लातूर गावात ही कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. तेथील सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले. हजारांहून अधिक मारले गेले होते, बाकीचे परागंदा झाले होते.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सरदार पटेलांना समितीचे काम मान्य नव्हते. त्यातील उतारे लोकांसमोर यायला अनेक दशके जावी लागली आणि तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात सामान्य अभ्यासकाला पाहता आला तो २०१३ साली. मारेकऱ्यांना शिक्षा दूरच राहिली, मृतांची साधी मोजदादही राज्यसंस्थेने नीट होऊ दिली नाही.

आता एक तारीख लक्षात घ्या. ९ डिसेंबर १९४८ या दिवशी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहाराच्या गुन्ह्याविरुद्धचा करार संमत केला. युरोपातील साठ लाख ज्यूंच्या राखेवर उभा असलेला तो करार. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक समूहाचा, तो समूह आहे एवढ्याच कारणाने, पूर्णतः किंवा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली हत्या हा साऱ्या मानवजातीविरुद्धचा गुन्हा आहे, असे जग त्या दिवशी म्हणाले. आणि नेमके त्याच दिवसांत सुंदरलाल व त्यांचे सहकारी मराठवाड्याच्या गावांतून विधवांच्या जबान्या ऐकत हिंडत होते! मराठवाड्यातील कत्तलींना वंशसंहार म्हणावे की हत्याकांड, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. शब्द कोणताही वापरा. परंतु शब्दाच्या वादाआड प्रेते लपविता येणार नाहीत.

येथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, रझाकारांनी काय केले ते का सांगत नाही? अवश्य सांगितले पाहिजे. रझाकारांनी गावे जाळली, लुटालूट केली, स्त्रियांची विटंबना केली, माणसे मारली. सुंदरलाल समितीनेही रझाकारांचे अत्याचार दृष्टीआड केले नाहीत. परंतु रझाकारांच्या बळींची पुरी यादी तरी आपण कोठे केली? त्या यादीत शोएबुल्लाखान यांचे नाव येते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे त्यांनी निर्भयपणे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. ज्यांना रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार असे समीकरण मांडायचे आहे, त्यांना शोएबुल्लाखान अडचणीचे वाटतात. म्हणून मुक्तिदिनाच्या भाषणांत ते क्वचितच भेटतात. कासीम रझवीचा गुन्हा लातूरच्या विणकऱ्याच्या मुलावर लादणे हा न्याय नव्हे. गुन्हा व्यक्तीचा असतो आणि शिक्षा न्यायालयाने द्यायची असते. गुन्हा जमातीचा ठरला की कत्तलीला आरंभ होतो.

दुसरा आक्षेप असा की, जुनी मढी उकरून काय साधणार? जखमा भरू द्या की! परंतु जखम भरली असती तर हा सल्ला रास्त होता. १९७० साली भिवंडी, जळगाव आणि महाड येथे दंगली झाल्या. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्यांची मुळे सविस्तर शोधून काढली. तो अहवाल बासनात गेला आणि १९८४ साली भिवंडी पुन्हा पेटली. १९९२-९३ साली मुंबईत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला आणि तेव्हाच्या युती सरकारने तो फेटाळला. पुढे ज्यांनी अंमलबजावणीची आश्वासने देऊन मते मागितली त्या काँग्रेस आघाडीनेही सत्तेची पंधरा वर्षे तो अहवाल कपाटातच ठेवला. सुंदरलाल, मादन, श्रीकृष्ण: तीन अहवाल आणि एकच नशीब. ज्या देशात कत्तलीचा अहवाल दडपता येतो, त्या देशात पुढच्या कत्तलीला अभय मिळालेले असते. मढी आम्ही उकरीत नाही. ती मुळात पुरलीच गेलेली नाहीत.

मग वंशसंहाराच्या स्मरणाचा लोकशाहीशी संबंध काय? संबंध असा की, लोकशाही बहुमताने चालते आणि बहुमत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. लोकशाहीतले बहुमत विचाराने बनते. आज ते एका पक्षाचे असेल, उद्या दुसऱ्याचे. आजच्या अल्पमताला उद्या बहुमत होण्याची आशा असते, म्हणून तो पराभव सोसतो आणि घरी जातो. जमातीचे बहुमत मात्र जन्माने ठरते. ते कधी बदलत नाही; त्यात अल्पसंख्याला आशा नाही आणि बहुसंख्याला जबाबदारी नाही. पहिल्या अर्थाच्या जागी दुसरा अर्थ हळूच बसविला की निवडणुका होत राहतात, विधिमंडळे भरत राहतात, पण लोकशाही संपलेली असते. जर्मनीत हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी राज्यघटनेच्या दरवाजानेच सत्तेवर आला. २३ मार्चला राइशस्टॅगने स्वतःचे अधिकार त्याच्या हवाली केले. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात वा भूमिगत होते; हजर असलेल्या ९४ सोशल डेमोक्रॅट सदस्यांनी तेवढा विरोध केला. आणि १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. छळछावण्यांतील विषारी वायूच्या कोठड्या फार पुढच्या. आरंभ दुकानाच्या दारात झाला होता.

दुकानाच्या दारातला हा आरंभ आपल्याकडे होत नाही काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातील मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. नाथपंथाच्या दारात, जेथे हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या एकत्र जमत आले, तेथे हा ठराव झाला, आणि तोही ग्रामसभेत, म्हणजे लोकशाहीच्या सर्वांत तळच्या पायरीवर! प्रशासनाने हा ठराव मान्य केला नाही ही समाधानाची गोष्ट. पण हात वर करणाऱ्यांना आपण काही अलोकशाही करीत आहोत असे वाटलेही नसेल. आपण अधिक आहोत, म्हणून आपले खरे, एवढाच लोकशाहीचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला. तो अर्थ पोचविणारे कोण, आणि दुसरा अर्थ पोचविण्यात कमी पडलेले कोण?

नाशिककरांनी तर हा प्रश्न स्वतःला अधिक कठोरपणे विचारला पाहिजे. १९ मार्च १९३१ रोजी रोम येथे डॉ. बा. शि. मुंजे मुसोलिनीला भेटले. तेथील मुलांच्या फॅसिस्ट संघटना व त्यांचे लष्करी शिक्षण त्यांनी पाहिले आणि आपला प्रशंसेचा अभिप्राय दैनंदिनीत नोंदविला. याच मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. त्या शाळेत शिकलेल्या मुलांवर शिक्का मारणे हा अन्याय होईल, आणि आमच्या मनात तसे काही नाही. मुद्दा विचाराच्या वंशावळीचा आहे. १९३९ साली गोळवलकरांच्या पुस्तकात जर्मनीने ज्यूंच्या बाबतीत केलेल्या ‘शुद्धी’चा दाखला हिंदुस्थानने घ्यावयाचा धडा म्हणून दिला गेला. पुढे संघाने त्या पुस्तकाशी आपला संबंध नाकारला. परंतु त्या धड्याशी संबंध तोडल्याचे आचरणात दिसले नाही. फॅसिझम ही आपल्याला दूर युरोपातली गोष्ट वाटते. त्याचे कौतुक मात्र गोदावरीच्या काठापर्यंत केव्हाच येऊन पोचले होते.

आता आपल्याविषयी. सुंदरलाल अहवालाने कत्तलीत भाग घेणाऱ्यांमध्ये बाहेरून आलेल्या एका हिंदू जमातवादी संघटनेच्या सशस्त्र माणसांचा उल्लेख केला आहे, आणि काही ठिकाणी कम्युनिस्टांचाही केला आहे. हे वाक्य डाव्यांनी गिळून टाकता कामा नये. आणि समाजवाद्यांनी त्यावर हसूही नये. १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात तुरुंगांतून आपण संघाच्या लोकांबरोबर राहिलो. एका हुकूमशाहीविरुद्ध ते सहकार्य अपरिहार्य होते असे म्हणता येईल. परंतु १९७७ साली एकाच पक्षात बसताना आपण त्यांच्या जुन्या धड्याचा हिशेब मागितला नाही. १९७९ साली मधु लिमये यांनी दुहेरी निष्ठेचा प्रश्न लावून धरला, तेव्हा सरकार पाडल्याचा ठपका त्यांच्यावर आला, आणि तो ठेवणाऱ्यांत आपलेही काही साथी होते. जे स्मरण सोयीप्रमाणे थांबते त्याचा जाब आपल्यालाही द्यावा लागेल.

तथापि, हाच अहवाल आपल्या हाती एक मोठा ठेवाही देतो. त्या भीषण दिवसांत अनेक हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले, अशा हकीकती समितीला मिळाल्या. आणि हा बंधुभाव एकाच धंद्यातल्या माणसांत सर्वांत बळकट आढळला. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने हिंदू जमावासमोर उभे राहिले. येवला आणि मालेगाव ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्यातील कार्यकर्त्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. एका मागावर बसणाऱ्यांना एकमेकांचे दुःख आधी कळते. श्रमिकांची संघटना हा केवळ मजुरीचा प्रश्न नाही. कत्तलीच्या दिवशी कोण कोणाच्या दारात उभा राहील, याची ती आधीची तयारी आहे. मालेगावचे आपले निहालभाई १९९२च्या बाबरी विध्वंसानंतर दंडावर काळी फीत बांधून वावरले. काहींना तो हट्ट वाटे. विसरायला नकार देणे हेही राजकारण असते, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून केवळ हळहळून भागणार नाही. पक्षाने चार कामे अंगावर घ्यावीत. सुंदरलाल अहवाल सरकारने अधिकृतपणे, मराठीत, प्रसिद्ध करावा यासाठी विधिमंडळात व बाहेर आग्रह धरावा. भारताने वंशसंहारविरोधी करार १९५९ सालीच मान्य केला, तरी त्यासाठी देशात कायदा नाही. १९८४च्या शीख हत्याकांडातील एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली ही उणीव स्पष्टपणे दाखविली. तो कायदा झालाच पाहिजे. तिसरे, १७ सप्टेंबरच्या प्रत्येक कार्यक्रमात रझाकारांच्या बळींना आणि पोलीस कारवाईनंतरच्या बळींना एकत्र श्रद्धांजली वाहावी. शोएबुल्लाखान यांचे नाव मोठ्याने घ्यावे. आणि चौथे, त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मनमाड, येवला, मालेगाव येथील साथींनी वैजापूर, कन्नड, गंगापूरच्या गावांत जाऊन ज्यांना काही आठवते त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, हिंदूंच्याही आणि मुसलमानांच्याही. ज्याने मारले त्याची, ज्याने वाचविले त्याची आणि ज्याने नुसते पाहिले त्याचीही हकीकत उतरून घ्यावी.

या कामाबद्दल मते मिळणार नाहीत. कदाचित शिव्याच मिळतील, आणि त्या आपल्याच आळीतून मिळतील. परंतु फक्त आपलेच मृत मोजणारे स्मरण म्हणजे पुढच्या सूडाची नोंदवही असते. दोन्हीकडचे मृत एका ओळीत मोजण्याची हिंमत ज्यांच्यात आहे, त्यांनाच १७ सप्टेंबरच्या ध्वजाखाली ताठ मानेने उभे राहता येईल. येत्या १७ सप्टेंबरला मनमाडपासूनच हा आरंभ करू या.