सही कुठे आहे?

भित्तिचित्रांचा विषय निघाला की आपण मेक्सिकोच्या रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस या त्रयीपासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. भिंत सार्वजनिक, पण कर्ता एकटा आणि पुरुष, हे समीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की समूहाची कलाकृती समोर आली, तर ‘यात कोणाचे काय?’ असे आपण आधी विचारतो. हा प्रश्नच सदोष आहे, असे आमचे म्हणणे आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात १९७०च्या दशकात पॅट्रिशिया रॉड्रिगेझ, ग्रासिएला कारियो, कोन्सुएलो मेन्देस आणि इरीन पेरेझ यांनी ‘मुहेरेस मुरालिस्तास’ या नावाने एकत्र भिंती रंगवल्या. त्यांच्या चित्रांत मका होता, बाजार होता, आया आणि मुले होती. रक्त आणि बंदुका नव्हत्या. म्हणून ती पुरेशी राजकीय नाहीत, असा आक्षेप आला. जणू पोट भरणे आणि मूल वाढवणे या गोष्टींचा सत्तेशी संबंधच नसतो!

पुढे १९९४ मध्ये त्याच भागातील ‘विमेन्स बिल्डिंग’वर सात जणींनी ‘माएस्ट्रापीस’ साकारले: हुआना अलिसिया, मिरांडा बर्गमन, ईडिथ बून, सुझन सर्व्हांटेस, मीरा देसाई, इव्हॉन लिटलटन आणि पुन्हा इरीन पेरेझ. नावातली कोटी पाहावी. स्पॅनिशमध्ये ‘माएस्त्रा’ म्हणजे निष्णात स्त्री, आणि शिक्षिकाही. ‘मास्टरपीस’मधला ‘मास्टर’ हटवून तिथे ती बसली आणि शेवटी शांततेचा इंग्रजी शब्द आला. भिंतीवर ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू आहेत, कवयित्री ऑड्री लॉर्ड आहेत. देशोदेशींच्या वस्त्रांचे नक्षीपट्टे आहेत आणि शेकडो स्त्रियांची नावे आहेत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की सर्वसंमतीने केलेली कला गुळमुळीत होते. त्याचे उत्तर त्या नक्षीपट्ट्यांतच आहे. ते एकमेकांना भिडतात, पण एकमेकांत विरघळत नाहीत. प्रत्येक वीण ओळखू येते. ‘सांस्कृतिक संगम’ हा आपला लाडका, आळशी शब्द इथे लागू पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इतरांच्या देवता आणि नायिका रंगवण्याचा अधिकार कोणी दिला? हा प्रश्न आम्हाला मान्य आहे. मात्र एकटा चित्रकार तो स्वतःलाच विचारतो आणि स्वतःच त्याचे उत्तर देतो. निरनिराळ्या वंशांच्या सात जणी एका आराखड्यावर काम करतात, तेव्हा तो विचारणारी व्यक्ती शेजारीच उभी असते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. वारली लग्नघरी भिंतीवरचा चौक सवाशिणी मिळून लिहीत आल्या. त्यांची नावे कोणी नोंदवली? तेच चित्र कागदावर आले, त्याला एक नाव मिळाले, तेव्हा ते ‘कला’ ठरले. जिव्या सोमा म्हसे यांच्या प्रतिभेविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती आपल्या मोजपट्टीविषयी. तीच मोजपट्टी घेऊन आपण जात्यावरच्या ओव्याही शिकवतो आणि ‘कर्ता अज्ञात’ असे लिहून मोकळे होतो.

कर्ता अज्ञात नव्हता. कर्त्या अनेक होत्या, आणि अनेकींना एकत्र वाचण्याची रीत आपण अजून शिकलेलो नाही. ती आधी आपण शिकू, मग विद्यार्थ्यांना शिकवू.