आगकाडीचे मॉडेल आणि बापाचे ज्ञान

शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झाले की आमच्या रिसोडच्या वस्तीत पालकांची धावपळ सुरू होते. "मॉडेल आणायला सांगितलं," असे लेकरू घरी येऊन सांगते आणि बाप दुकानात थर्माकोल, रंग, तयार मॉडेल यांचे भाव विचारत फिरतो.

मागच्या हिवाळ्यात शेजारचे एक बांधव संध्याकाळी घरी आले. सेंट्रिंगचे काम करतात. मुलगी सातवीत. तयार मॉडेलपायी दिवसाची मजुरी जात होती. म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकेल माणूस. पोरीले काही सांगा. मले त्यातलं काय समजते?"

मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. पण अरविंद गुप्ता यांच्या आगकाड्यांच्या मॉडेलविषयी वाचले होते. आय.आय.टी. कानपूरला शिकलेले हे अभियंते १९७८ साली पुण्यातील कारखान्यातून रजा घेऊन मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तेथे १९७२ पासून खेड्यांतील शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम चालू होता. बाजारात त्यांना सायकलची वॉल्व्ह ट्यूब दिसली. तिच्यात आगकाडी घट्ट बसते, हे त्यांनी हेरले आणि गरीब शाळांना परवडणारा खेळ तयार झाला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कृती सोपी आहे. आगकाड्यांचा गुल मोठ्या माणसाने ब्लेडने खरवडून पाण्यात टाकावा. वॉल्व्ह ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की सांधा झाला. तिसरी काडी जोडायची तर तुकड्याला मध्यभागी बाभळीच्या काट्याने भोक पाडावे आणि टोक केलेली काडी त्यात बसवावी.

मुलीने आधी चौकोन केला. बोटाने ढकलताच तो कलंडून तिरका झाला. मग त्रिकोण केला. तो कितीही दाबला तरी आकार सोडीना. "असं काहून?" तिने मला विचारले. मी पुस्तकी उत्तर आठवू लागलो.

तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "अवं, चौकोनाले तिरपी काडी मार न! आमी सेंट्रिंगले तिरपी बल्ली मारतो तशी. नाही त सारं कलंडते."

खराट्याची काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापून बसविली. चौकोन हलेना. तिरप्या काडीने त्याचे दोन त्रिकोण केले होते. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची लांबी ठरली की त्याचे कोनही ठरतात. चौकोनाचे तसे नाही. टिनाच्या शेडची कैची, विजेचा मनोरा, रेल्वेचा लोखंडी पूल यांत त्रिकोणच त्रिकोण दिसतात, ते म्हणूनच. जे वर्गात भूमिती म्हणून शिकवितात, ते हा माणूस वीस वर्षे खांद्यावर वाहत होता. त्याला मात्र ते ज्ञान वाटत नव्हते.

मुलीने काड्यांचा पूल केला. खर्च एका काडीपेटीचा आणि थोड्या वॉल्व्ह ट्यूबचा. बक्षीस दुसऱ्याच चकचकीत मॉडेलला गेले, हेही सांगितले पाहिजे. पण पूल का पडत नाही, हे तिला प्रत्येकाला समजावून सांगता आले.

माता-पित्यांना एवढेच सांगणे आहे. मॉडेलसाठी दुकानात जाण्यापूर्वी आपले काम आठवावे. गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीत दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर का येते? विहिरीवरच्या गराडीने ओझे ओढणे सोपे का होते? शिलाई मशीनच्या मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात लहान चाक कितीदा फिरते? यातल्या प्रत्येकाचे मॉडेल घरातल्या टाकाऊ नळीतून, रिळातून, झाकणातून होते.

"मले काय समजते" हे वाक्य लेकरांसमोर उच्चारू नये. समजते ते त्यांना दाखवावे.