फूटपट्टी बंधाऱ्यावर, अर्थसंकल्प मुंबईत

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्याचा अख्खा कारभार एका आकड्यावर चालतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. त्यावर गोठे रिकामे होतात, एसटीच्या फेऱ्या थांबतात. मार्चमध्ये अर्थसंकल्प येतो तेव्हा मात्र या आकड्याला कोणी विचारत नाही, आणि वर्षभर आम्हाला सलत आले ते हेच. 2005, 2019, 2021 असे तीन महापूर या जिल्ह्याने सोसले. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. जुलै 2021 मध्ये पन्हाळगडावर येणारा मुख्य रस्ताच खचला. असा रस्ता नव्याने बांधण्याचा खर्च राज्याच्या सकल उत्पन्नात भर घालतो; जुना रस्ता गेला त्याची वजावट तिथे होत नाही. ज्या हिशेबात पडझडीनेही आकडा वाढतो, तो हिशेब धोरणासाठी अपुराच आहे.

हा हिशेब बदला म्हटले की पहिला आक्षेप येतो: पूर हवामानाने नव्हे, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने येतो, असे इथे ठामपणे सांगितले जाते. राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र 2019 च्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी आणि नदीकाठच्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. अतिक्रमण हा माणसाचा दोष, हे खरेच. पण पावसाचा जोर वाढत असताना तोच दोष अधिक महाग पडतो, म्हणून दोन्हींची नोंद अंदाजपत्रकात हवी. जोखमीच्या असल्या मोजमापांनी विकास अडतो, हा दुसरा आक्षेप. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा करातला वाटा ठरवताना वने व पर्यावरणाला 10 टक्के भार दिला, आपत्ती निधीसाठी जोखमीचा निर्देशांक वापरला. त्याने देशाचा विकास अडला नाही. तेच सूत्र जिल्ह्यांना का लावू नये? पैसा तर जातोच आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्याने अतिवृष्टीग्रस्तांसाठी 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. मदत आवश्यकच होती, पण ती नुकसानीनंतरची. नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या भरावाने पाणी तुंबेल, ही इथल्या शेतकऱ्यांची भीतीही जोखमीच्या त्याच मोजपट्टीने, काम सुरू होण्याआधी तपासली पाहिजे.

जुलै 2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, म्हणून हा अंक वारशाला वाहिला आहे. गडाचे बुरूज ज्या डोंगरावर उभे आहेत तो डोंगरही वारसाच. वाचकहो, मार्चच्या आधी आपापल्या आमदारांना एवढे विचारा: आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक नव्या कामाचा अंदाज कोणत्या वर्षापर्यंतचा पाऊस धरून केला आहे? उत्तर लेखी मागा.