इंद्रायणीचे बीज आणि संशोधनातील भागीदार

विद्यापीठांच्या सहयोगी संशोधनाचा आज मोठा बोलबाला आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, पर्यावरण व आरोग्य या शाखांमधील भिंती पाडाव्यात, अनेक विद्यापीठांनी मिळून एकेका प्रश्नाचा छडा लावावा, ही कल्पना चांगलीच आहे. तिला विरोध करण्याचे आपल्याला काही कारण नाही. प्रश्न इतकाच, की या सहकार्यात सहकारी कोण? २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प सोडण्यात आला आणि त्यातील सुमारे ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार आदी सरकारबाहेरच्या मार्गांनी यावेत, असा हिशेब मांडण्यात आला. ज्याचा पैसा त्याचा प्रश्न, हा व्यवहार संशोधनालाही चुकत नाही. म्हणूनच मावळातील एका जुन्या सहयोगी संशोधनाकडे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहणे अगत्याचे आहे.

वडगाव मावळ येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. १९८७ साली तेथून ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा हा संकर. आंबेमोहर हे मावळ-मुळशीचे पिढीजात वैभव. भात शिजू लागला की मोहोराचा दरवळ घरभर पसरतो. पण त्याचे रोप उंच, दाणा भरला की पीक लोळते, आणि उताराही बेताचा. आयआर ८ नेमका उलट. बुटका, ताठ, खत पचवणारा आणि भरघोस पिकणारा. मात्र दाणा जाड आणि चवीच्या नावाने आनंद. हा वाण फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली प्रसृत केला. त्याचा एक पूर्वज इंडोनेशियाचा, दुसरा तैवानचा. म्हणजे वडगावच्या खाचरात आशियातील निरनिराळ्या देशांच्या कुणब्यांनी जपलेले बीज एकत्र आले. त्या संस्थेच्या उभारणीत फोर्ड आणि रॉकफेलर या अमेरिकन भांडवली प्रतिष्ठानांचा पैसा होता, हे आपण विसरू नये. पण आयआर ८ वर कोणाचे एकस्व नव्हते, ते बी मुक्तपणे वाटले गेले, हेही विसरू नये. आपल्या देशातही १९६५ साली अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प सुरू झाला आणि ठिकठिकाणची संशोधन केंद्रे एका सूत्रात आली. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक हेतूने केलेले सहकार्य ते हे.

इंद्रायणी हा सरळ वाण आहे. घरचे निवडक बी राखून शेतकरी तो पुढल्या साली पेरू शकतो. संकरित बियाण्यासारखे दरवर्षी दुकानदाराचे दार ठोठवावे लागत नाही. राखलेले बी पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा, इतकेच नव्हे तर कंपनीच्या छापाविना विकण्याचाही हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे?

बियाण्याबरोबर पद्धतीही आली. डॉ. नारायण सावंत यांच्या नावाशी जोडलेली चारसूत्री भातशेती म्हणजे तूस-पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, चुडात दोन-तीनच रोपे ठेवून नेमक्या अंतरावर लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचणे. वरून फेकलेला युरिया मावळच्या पावसात वाहून ओढ्याला मिळतो. खोचलेली गोळी मुळाशी राहते. शेतकऱ्याची पै वाचते आणि नदीही वाचते. शेतीशास्त्र आणि पर्यावरण येथे आपसूकच एकत्र आले. आरोग्य मात्र अजून बाहेरच उभे आहे. दिवसभर चिखलात वाकून हे अंतर मोजत लावणी करणाऱ्या मजूर बाईची कंबर हा कोणत्या शाखेचा विषय?

शोध घेणारा आणि ज्याच्यावर शोध घेतला जातो तो, यांत केवढे अंतर असावे, याचा एक धडा याच तालुक्यात लोणावळ्याला आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची तपासणी प्रयोगशाळेतील उपकरणांनी सुरू केली. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहानन त्यांच्याकडे आले. ते आधी शिकले. मग प्राणायामात प्राणवायू किती खर्ची पडतो, याची मोजणी स्वतःच्याच देहावर केली आणि १९३७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. योगाविषयी कोणाचे काही मत असो, ही रीत प्रामाणिक होती.

आज गावाला प्रकल्पात ‘क्षेत्र’ म्हणतात. नमुने क्षेत्रातून उचलायचे, निष्कर्ष परिषदेत वाचायचे. मावळाला हा एकतर्फी व्यवहार नवा नाही. इंद्रायणीच्या खोऱ्यातील वळवण, शिरवट्याचे पाणी टाटांच्या खोपोली वीजगृहासाठी घाटाखाली वळले. शेजारी मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांना सत्याग्रह उभारावा लागला. आणि पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. पाणी नदीपात्राऐवजी नळातून गेले तर काठच्या विहिरींचे काय, उपसा शेतीचे काय, हा निव्वळ संशोधनाचा प्रश्न होता. जलशास्त्र, कृषी, आरोग्य या तिन्ही शाखांनी गावकऱ्यांसह बसून त्याचा निकाल लावायला हवा होता.

तशा प्रश्नांची आजही वाण नाही. कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी आळंदीपर्यंत जाता जाता फेसाळते. तेच पाणी काठच्या शेतीला, गुराढोरांना लागते. पुण्या-मुंबईच्या बंगल्यांसाठी खाचरे विकली जात आहेत, आणि ज्या वाणावर सरकारने सार्वजनिक पैसा खर्चला त्याची मायभूमीच आक्रसत आहे. विद्यापीठांना सहयोगी प्रकल्पच हवा असेल तर या खोऱ्याचा घ्यावा. विषयांची यादी ठरवताना ग्रामसभेचे, शेतमजूर बायांचे आणि आशा सेविकांचे प्रतिनिधी बैठकीत असावेत, अहवाल मराठीत निघावा, आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवल्याखेरीज शेवटचा हप्ता मिळू नये. या मागण्या विद्यापीठांच्या दारी आपल्यालाच न्याव्या लागतील. सुरुवात वडगावच्या केंद्रापासून करता येईल. पुढच्या खरिपाचे प्रयोग ठरण्यापूर्वी तालुक्यातील साथींनी गावोगावच्या शेतकऱ्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि ते कागद घेऊन केंद्रात जावे.