हिरवी प्लेट की तपकिरी?

मंडळी, या वीकांताला कोड नाही, ऑनसाइट नाही आणि अप्रेझल तर मुळीच नाही. आज प्लेटबद्दल. जेवणाच्या नव्हे, रेडिओच्या आतल्या.

झालं असं, की दिवाळीला गावी गेलो होतो. गाव म्हणजे वसमत, जिल्हा हिंगोली (पुण्यातल्या मित्रांसाठी: परभणीच्या पुढे, हळदीसाठी प्रसिद्ध). माळा आवरताना आजोबांचा दोन बँडचा ट्रान्झिस्टर सापडला. सेल आतच राहिलेले, ते फुटून त्यातलं पाणी प्लेटवर उतरलेलं. तांब्याच्या अर्ध्या रेघा खाऊन टाकलेल्या, एक कोपरा तडकलेला. कॉइल, गँग, स्पीकर मात्र शाबूत.

म्हटलं, इंजिनिअर झालोय कशाला! पट्टी ठेवून प्लेटचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर रेघा गिरवल्या आणि बोर्ड बनवणाऱ्याकडे ऑर्डर टाकली. आठवड्याभरात पाच चकचकीत हिरव्या प्लेट्स घरी. (पाचाच्या खाली घेतच नाहीत.) सुटे भाग चढवले, रेडिओ बोलला. आजी तर पदराने त्याचं कव्हर पुसत बसली.

मग मोठ्या ऐटीत हिंगोलीला एका जुन्या रेडिओवाल्या काकांकडे नेला. काकांनी मागचं झाकण काढलं, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "वाजायला झकास आहे बाळा. पण हे काय बसवलंस? रेघाच दिसंनात की. उद्या बिघडला तर कुठून धरायचं?"

झालं. ऐट तिथेच उतरली.

आता थोडं टेक्निकल, पण फार नाही. आजच्या बहुतेक हिरव्या बोर्डांत काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी असतं. त्याला म्हणतात एफआर-4. साठ-सत्तरच्या दशकातल्या ट्रान्झिस्टरमध्ये असायची ती तपकिरी प्लेट म्हणजे कागदाचे थर आणि फिनॉलिक राळ. लिओ बेकलंडने 1907 साली बॅकेलाइट शोधलं, त्याच घराण्यातली ही राळ. आपल्याकडे जुन्या स्विचबोर्डांवर बसवायचे ती हायलमची शीट आठवते? तिची ही चुलत बहीण. हायलम हे मुळात हैदराबादच्या कंपनीचं नाव. आमचा भागही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे तसं माहेरचंच नातं!

ही प्लेट रेडिओवाल्यांनी का घेतली? स्वस्त, आणि भोकं ड्रिल न करता डायने पंच करता येतात. दोष? ओल धरते, ठिसूळ असते, आणि सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकवला की तांब्याची रेघ उचलून येते. गुणांत एफआर-4 सरसच. आवाजात फरक पडतो म्हणाल, तर तोही नाही. मीडियम वेव्ह म्हणजे 531 ते 1602 किलोहर्ट्झ. इतक्या कमी फ्रीक्वेन्सीला प्लेट कशाची आहे याचं रेडिओला काही पडलेलं नसतं. "जुन्या प्लेटचा आवाज गोड" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

मग तपकिरी प्लेटचा अट्टाहास कशाला? बाबाही हेच म्हणाले, "अरे, आतलं कोण बघतंय?"

माझं म्हणणं असं, की पुढचा माणूस बघतो. ज्याच्या हातात हा रेडिओ तीस वर्षांनी येईल तो. जुन्या प्लेटवरच्या त्या हाताने काढलेल्या, वळणावळणाच्या उघड्या रेघा म्हणजे कुणीतरी रेडिओचा विचार कसा केला याची वही आहे. मेकॅनिक ती डोळ्यांनी वाचतो. मी तिच्यावर हिरवा रंग फासून टाकला होता.

म्हणून पुन्हा करायचं ठरवलं. पण खरी प्लेट आणायची कुठून? पुण्यात जुन्या बाजारात एकाने सोपा उपाय सांगितला, "त्याच मॉडेलचा दुसरा घ्या, प्लेट काढा, बाकी फेका." घेतलाही. घरी आणून सेल टाकले तर तो खरखरत का होईना, चालू! आता हा मारून तो जगवायचा? नाही जमलं. तो आता माझ्या डेस्कवर असतो.

दुसरा मोह जुन्या स्टॉकचा. चाळीस वर्षं गोदामात पडलेली कोरी शीट म्हणजे अगदी 'ओरिजिनल' वाटते. पण कागदाने इतकी वर्षं ओल प्यायलेली असते. आयर्न टेकवला की फोड येतात, थर सुटतात. आजोबांची प्लेट बनली तेव्हा तीही नवीनच होती ना? आपल्याला जात तीच हवी, वय नको.

आणि ती जात अजून मेलेली नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर "पेपर फिनॉलिक कॉपर क्लॅड, एका बाजूचा" असं मागा. जाडी 1.6 मिलिमीटर, पण आधी जुनी प्लेट मोजून घ्या. पुढचं सगळं कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टसारखंच: मार्करने रेघा, प्लास्टिकच्या टबात फेरिक क्लोराइड, हाताला पिवळे डाग आणि रूममेटच्या शिव्या.

एक गोष्ट मात्र मुद्दाम केली. कोपऱ्यात तांब्यातच साल आणि "नवी प्लेट" ही दोन अक्षरं कोरली. याला कारण आहे. 1976 साली ॲपल-1 जेमतेम 200 च्या आसपास बनले. 2014 मध्ये त्यातला एक लिलावात 9 लाख 5 हजार डॉलरला गेला. त्याच्या हुबेहूब प्रतिकृती बनवणारे हौशी लोकही आहेत. हौस चांगलीच, पण जिथे एवढा पैसा आहे तिथे नक्कल आणि लबाडी यांच्यात एका ओळीचंच अंतर उरतं. ती ओळ बनवणाऱ्यानेच लिहायची असते. आमच्या ट्रान्झिस्टरला कुणी नऊशे रुपयेही देणार नाही, पण सवय चांगली असावी.

परवा काकांना पुन्हा दाखवला. बराच वेळ रेघांवरून बोट फिरवत होते. मग कोपऱ्यातली अक्षरं वाचली आणि म्हणाले, "हां. आता कुणालाबी कळंल."

असो. उरलेल्या चार हिरव्या प्लेट्स माझ्याकडे पडून आहेत. चहाच्या कपाखाली ठेवायला उत्तम :-)