महागडा खेळ, वर पुन्हा खर्च

पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या व्हिडिओ गेममध्ये पुन्हा पैसे मागितले की खेळाडू संतापतात, असा सर्वसाधारण समज आहे. २०१७ मधील घडामोडी पाहिल्या तर तो अर्धाच खरा ठरतो.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' (ईए) या अमेरिकन कंपनीचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' बाजारात यायचा होता. किंमत ६० डॉलर. तरीही डार्थ व्हेडर किंवा ल्यूक स्कायवॉकर हे पात्र मिळवण्यासाठी ६० हजार 'क्रेडिट' जमवणे भाग होते. एका खेळाडूच्या हिशेबानुसार त्याला सुमारे ४० तास लागणार होते. दुसरीकडे, आत काय निघेल याचा नेम नसलेल्या 'लूट बॉक्स' नावाच्या पेट्या खऱ्या पैशांनी घेता येत आणि त्यांतील कार्डांमुळे लढतीतील ताकद वाढत असे. कसबाला पैशाचा पर्याय मिळाला, हे खेळाडूंचे खरे दुखणे होते. नायक मिळवताना खेळाडूला अभिमान वाटावा हाच हेतू असल्याचा खुलासा कंपनीने 'रेडिट'वर केला. त्यावर साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली आणि त्याची नोंद 'गिनेस'मध्ये झाली. मग नायकांची किंमत ७५ टक्क्यांनी उतरली. मात्र कथाभाग पूर्ण केल्यावर मिळणारे बक्षीसही त्याच वेळी कापले गेले! अखेर प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, खरेदीच बंद करण्यात आली. २०१८ मध्ये ती परतली ती केवळ पेहरावापुरती.

मात्र त्याच कंपनीचा 'फिफा १८' हा फुटबॉलचा खेळ सप्टेंबरअखेर आला होता. त्यातील 'अल्टिमेट टीम' प्रकारात बंद पाकिटांतून फुटबॉलपटू निघतात. नामवंत निघाला तर संघ बळकट होतो. शिवाय पुढच्या वर्षीच्या खेळात सारे शून्यापासून. तत्त्वतः हा प्रकार 'बॅटलफ्रंट'पेक्षा मुळीच सौम्य नाही. त्याबद्दल तक्रारी झाल्या, पण खरेदी थांबली नाही. २००९ पासून अंगवळणी पडलेली ही पाकिटे अनेकांना खेळाचाच भाग वाटतात आणि ज्यांना ती नकोत त्यांना 'करिअर मोड' मोकळा आहे.

कंपनीला 'फिफा'बाबत माघार घ्यायला लावली ती बेल्जियमच्या जुगार आयोगाने. एप्रिल २०१८ मध्ये आयोगाने अशा पेट्या जुगार ठरवल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे 'फिफा पॉइंट्स'ची विक्री थांबली. नेदरलँड्समधील एक कोटी युरोंचा दंड मात्र मार्च २०२२ मध्ये न्यायालयात टिकला नाही. मार्च २०२१ अखेरच्या आर्थिक वर्षात 'अल्टिमेट टीम'ने ईएला १६२ कोटी डॉलर मिळवून दिले. कंपनीच्या एकूण महसुलाच्या सुमारे २९ टक्के. 'फिफा'शी करार संपल्यावर २०२३ मध्ये खेळाचे नाव 'ईए स्पोर्ट्स एफसी' झाले. पाकिटे तशीच राहिली.