जपानहून आलेली पुस्तिका

लोणावळ्याहून लोकलने पुण्याला कॉलेजात जाणाऱ्या मुली दिसल्या की मला महर्षी कर्व्यांच्या हाती पडलेली एक पुस्तिका आठवते. टोकियोच्या महिला विद्यापीठाची! जिंझो नारुसे यांनी ते १९०१ साली काढलं. बायकांचं विद्यापीठ, शिक्षण त्यांच्याच भाषेतून. कर्व्यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत ही कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये हिंगण्याला विद्यापीठ सुरूही केलं. तेच आजचं एसएनडीटी.

पण एक गोष्ट खटकते. ‘चांगली पत्नी, शहाणी आई’ हा तेव्हाच्या जपानचा आदर्श. कर्व्यांचाही भर मुलींना उत्तम गृहिणी, माता करण्यावर होता. त्या काळात तेवढंही धाडसाचंच म्हणा! आता मात्र तेवढ्यावर का थांबायचं?

मावळातल्या गावांत फिरताना अजून ऐकते, “ताई, बारावी झाली, आता स्थळं बघतोय.” परवा एक आई म्हणाली, “रोज पुण्याला जायचं तर पासाचा खर्च किती!” धाकट्या मुलाच्या क्लासची फी मात्र भरून झाली होती. मी विचारलं, “पास केवढ्याला पडतो?”

तिनं कधी चौकशीच केली नव्हती.